लवकर लागलेली चांदणी

निसळांच्या घरी नाताळचा तारा चोवीस डिसेंबरच्या दिवेलागणीला लागत असे. त्याआधी नाही. प्रत्यक्ष बाळ येशूला भेटायला निघालेले पूर्वेकडचे मागी लोक उंटांवर बसून सदाशिव पेठेत येऊन ठेपले असते, तरी मंदाकिनीबाईंनी त्यांना गॅलरीतूनच ‘अजून अवकाश आहे’ असं सांगून खाली पार्किंगमध्ये बसवून ठेवलं असतं. नियम मुळात त्यांच्या सासूबाईंचा. सासूबाई देवाघरी गेल्या, भाड्याचं बिऱ्हाड जाऊन तिसऱ्या मजल्यावरचा मालकीचा फ्लॅट झाला, अनंतराव शाळेतून निवृत्त झाले, पण नियम हलला नाही. कोणी विचारलंच तर मंदाकिनीबाई सांगत, “आगमनकाळ म्हणजे वाट बघायचा काळ. वाट बघता आली पाहिजे माणसाला.” हे सांगताना त्यांचा आवाज थेट सासूबाईंसारखा होई, असं अनंतराव म्हणत, पण ते हळूच म्हणत.

आणि यंदा भाऊबीज होऊन आठवडा उलटला नाही, तोच गॅलरीत तारा लागला.

लावला नव्या सुनेने, सुनीतीने. ती मे महिन्यात या घरात आली, तेव्हापासून तिच्या हातून मंदाकिनीबाईंच्या नियमाबाहेर काही घडलं नव्हतं. मुलगी हुशार, कामाला वाघ, नवऱ्याच्या, निरंजनच्याच ऑफिसात, खराडीला. तारा तिच्या वडिलांनी पाठवला होता. बांबूच्या कामट्या, लालभडक पतंगी कागद, कडेने सोनेरी झिरमिळ्या, आत दिवा. चांगला हातभर रुंद. सुनीतीने तो आल्या आल्या टांगून टाकला, बटण दाबलं, आणि स्वयंपाकघरात येऊन आनंदाने म्हणाली, “आई, लागला!” मंदाकिनीबाई “हं” म्हणाल्या. पुण्यात ‘हं’ला पुष्कळ अर्थ असतात. सुनीतीचं माहेर खराडीचं असल्यामुळे तिला त्यातला एकच ठाऊक होता.

दोन दिवस मंदाकिनीबाईंनी कळ काढली. शनिवारी सकाळी जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामलाबाई वझे भेटल्या. तुळशीच्या लग्नासाठी त्यांनी ऊस आणला होता आणि तो जिन्याच्या वळणात अडकला होता.

“तुमचा कंदील छान आहे हं,” उसाशी झटापट करीत श्यामलाबाई म्हणाल्या. “आमचाही आहेच अजून. लग्न लागलं की उतरवू. तुमच्याकडे कधी उतरवतात?”

“कंदील नाही तो, श्यामलाबाई. तारा आहे. नाताळचा.”

“आत्ता?”

“सूनबाईंची हौस.”

“असू दे हो, असू दे. मॉलमध्येसुद्धा लागलेत म्हणे.”

ऊस सुटला आणि श्यामलाबाई आत गेल्या. मंदाकिनीबाई मात्र जिन्यात तशाच उभ्या राहिल्या. या पेठेत आपण ख्रिस्ती आहोत याबद्दल त्यांना कोणी कधी टाकून बोललं नव्हतं. निसळ म्हणजे जुनं घराणं, चार पिढ्या शिकलेल्या, बोलणं शुद्ध, राहणी साधी, भपका नाही. श्यामलाबाईंच्या घरच्यापेक्षा आपल्या घरचं मराठी चांगलं आहे, असा त्यांचा समज होता आणि तो खराही होता. आणि आता हे. मॉल!

“ऐकलंत का?” घरात शिरत त्या म्हणाल्या. “आपला मॉल झालाय.”

अनंतराव शब्दकोडं सोडवत होते. “मग पार्किंग कमी पडेल,” ते म्हणाले.

“तुम्हांला थट्टा सुचतेय. तो तारा उतरवा आधी.”

“मी नाही उतरवणार. त्या मुलीने हौसेने लावलाय.”

“हौस! तेच म्हणतेय मी. हौशी माणसं आहेत ती. चांगली आहेत, नाही कोण म्हणतंय, पण हौशी. कुठे किती, कधी काय, याला काही धरबंध असतो की नाही?”

‘हौशी’ हा मंदाकिनीबाईंचा ठेवणीतला शब्द. त्यात लग्नातला बँडही येई, सुनीतीच्या आईची मोरपंखी साडीही येई, आणि विशेष करून व्याही येत. व्याह्यांचं नाव हिंदुराव. नाव हिंदुराव आणि दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर, याची अनंतरावांना फार गंमत वाटे. ज्या आयटी पार्कात सुनीती इंजिनियर होती, त्याच्याच फाटकावर हिंदुराव सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर होते. सोसायटीत मंदाकिनीबाईंनी एवढंच सांगितलं होतं, की व्याही आयटीत आहेत.

“मंदा,” अनंतरावांनी पेन्सिल खाली ठेवली, “आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा जानवं सोडलं, पण सोवळं काही सोडलं नाही. आईने ते ताऱ्याला नेसवलं. आणि तू त्याची घडीसुद्धा मोडू देत नाहीस.”

“नका उतरवू. मी उतरवते.”

त्यांनी खरंच स्टूल ओढलं आणि पदर खोचून वर चढल्या. गुडघ्यांनी तक्रार केली ती ऐकली नाही. आकड्यातून तार सोडवत असताना स्टूल डगमगायचं एकाएकी थांबलं. खाली बघतात तो सुनीती. बाजारातून आली होती, पिशवी जमिनीवर ठेवून तिने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं होतं.

“काढा आई. मी धरलंय,” ती म्हणाली.

मंदाकिनीबाईंना वाटलं, हिने भांडावं. आदळआपट करावी. म्हणजे आपल्यालाही चार शब्द बोलता येतील. पण तिने नुसता तारा हातात घेतला, कागदावरचा एक चुरगळलेला कोपरा नखाने सरळ केला, आणि तो आपल्या खोलीत कपाटावर ठेवून आली.

त्याच दिवशी जेवताना निरंजनने विषय काढला. आईसमोर अवघड गोष्ट बोलायची तर तो लहानपणापासून भाताचे ढीग करीत बसे, तसे त्याने आत्ताही केले.

“आई, खराडीत एक फ्लॅट बघितलाय आम्ही. ऑफिसच्या मागेच. भाड्याने. सोमवारी हो-नाही कळवायचंय.”

मंदाकिनीबाईंच्या हातातला डाव वरणात राहिला. “ताऱ्यावरून?”

“ताऱ्यावरून कसं असेल? जाण्यायेण्यातच दिवस जातो गं. उद्या हिचे आईदादा जेवायला येतायत ना, त्यांनाही सांगू. एकदमच.”

सुनीती ताटाकडे बघत होती. अनंतराव मंदाकिनीबाईंकडे बघत होते.

“बघा बाबा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही काय!” आणि त्यांनी सुनीतीला न विचारता भात वाढला. पण आतून त्यांचं सगळं अवसान गळालं होतं. निरंजन त्यांचा एकुलता एक. तो जाईल, मग रविवारी पाहुण्यासारखा येईल, मग एक रविवार आड. आणि सुनीतीची चप्पल दारात दिसली नाही, तर संध्याकाळी चहाचं आधण नक्की कोणासाठी ठेवायचं? या मुलीची आपल्याला एवढी सवय झाली आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्याचा रागही आला.

रविवारी देवळातून सुटल्यावर हिंदुराव आणि विहीणबाई सोजरबाई आले. हिंदुराव सफारीत, केसांना तेल, हातात पेरूंची पिशवी. सोजरबाई डोक्यावर पदर घेऊन मागे. सोजरबाई कमी बोलत. लग्नात त्या एकदाच मोठ्याने बोलल्या होत्या, तेही आचाऱ्याला.

“रस्त्यावरनं सारखा वर बघत आलो,” सोफ्यावर बसता बसता हिंदुराव म्हणाले. “चान्नी काय दिसंना. म्हनलं, घर चुकलो का काय!”

मंदाकिनीबाई पाण्याचा ट्रे घेऊन मध्येच थबकल्या. खरं बोलावं तर पाहुण्याचा अपमान, खोटं बोलावं तर देवळातून आत्ताच आलेलो.

“तार सैल झाली होती, दादा,” सुनीती म्हणाली. “पडेल म्हणून काढून ठेवली.”

ती आईकडे, सासूकडे, कोणाकडेच न बघता हे म्हणाली. मंदाकिनीबाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात त्या स्वतःच्याच घरात ओशाळ्या झाल्या. उद्या जी मुलगी घर सोडून जाणार, ती आज आपली लाज राखते आहे, आणि आपण नुसत्या पाण्याचे पेले मांडतो आहोत.

“आन् मंग सांगायचं न्हाई व्हय?” हिंदुराव उठलेच. “तार म्हंजे काय मोठी गोष्ट हाय? जावईबापू, स्टूल आना.”

“अहो, जेवण होऊ दे आधी,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “पानं घेतलीच आहेत. नंतर सावकाश बघू.”

“दोन मिन्टं लागत्यात, ताई.”

निरंजनने आईकडे पाहिलं. आई ट्रेकडे बघत होती. त्याने स्टूल आणलं, सुनीतीने नाइलाजाने तारा आणला, आणि हिंदुराव सफारीच्या बाह्या सारून गॅलरीत वर चढले. माणूस वयाने साठीच्या घरातला, पण अंगात उत्साह विशीचा. आकडा गॅलरीच्या बाहेरच्या अंगाला होता. कठडा त्यांच्या गुडघ्याला लागत होता. त्यांनी एका हातात तारा धरला, दुसऱ्या हाताने वरचा गज धरला आणि कमरेतून बाहेर वाकले. स्टुलाचा एक पाय फरशीच्या फटीत गेला. स्टूल कलंडलं.

“आवं पाव्हनं, दमा की!” कोणीतरी किंचाळलं. “चान्नी ऱ्हाऊ द्या! पडाल की खाली! आरं धर की त्यास्नी, बघतोस काय मुडद्या!”

निरंजनने झेप घेऊन सासऱ्यांच्या कमरेला मिठी मारली. हिंदुराव ताऱ्यासकट गॅलरीत आत आले आणि फरशीवर बसले. त्यांना काही लागलं नव्हतं. तारासुद्धा शाबूत होता. पण त्या दोघांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. सगळे मंदाकिनीबाईंकडे बघत होते. निरंजन तर तोंड उघडं टाकून. ‘मुडद्या’ त्याला उद्देशून होतं हे त्याला समजलं होतं, पण ते आपल्या आईच्या तोंडून आलं हे काही केल्या समजत नव्हतं. त्याने ‘पाणी पिलो’ म्हटलं तर ‘प्यायलो’ म्हणून दहादा घोकून घेणारी ही बाई.

मंदाकिनीबाईंनी तोंडावर हात ठेवला होता. निघालेला शब्द हाताने परत आत जात नाही, तरी माणूस ठेवतोच.

सोजरबाई पुढे आल्या. त्यांनी आधी नवऱ्याला नीट न्याहाळून घेतलं, तो धड आहे याची खात्री केली, मग मंदाकिनीबाईंच्या जवळ जाऊन अगदी मऊ आवाजात विचारलं, “इहीनबाई, तुमी कंच्या गावच्या?”

“मी पुण्या—” मंदाकिनीबाईंनी सुरुवात केली आणि त्यांनाच पुढे नेववेना. त्या गॅलरीच्या उंबऱ्यावर बसल्या. “शेवगावच्या पलीकडची. पिंपळवाडी.”

“आगं माझे बाये! मंग आमाला लग्नात पुन्याच्या म्हनून का सांगितलं?”

याला उत्तर अनंतरावांनी दिलं. “ते आमच्या आईने ठरवलं होतं,” ते म्हणाले. “मी नगरला बोर्डिंगच्या शाळेत गणित शिकवायला होतो. ही तिथे बालवर्गाला शिकवायची. लग्न करून घेऊन आलो, तर आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, चान्नी नाही, तारा. हाय नाही, आहे. माहेर कुठलं म्हणून कोणी विचारलं, तर नगर म्हणायचं. पुढे नगरचं पुणं कधी झालं, ते मलाही कळलं नाही.”

“त्यांचं काही चुकलं नाही,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “मला सगळं त्यांनीच शिकवलं.”

“म्हणजे तुमच्याकडेही लवकर लावत होते, आई?” सुनीती त्यांच्या शेजारी खाली बसली. “दिवाळी झाली की?”

“लवकरच लावायची की गं. दिवाळी झाली की वस्ती ऊसतोडीला निघायची. माझे आईबाप, चुलते, सगळे. नाताळाला गावात कोण? म्हातारी माणसं आणि आम्ही पोरं. मग जाणाऱ्यांना नाताळ कुठला? म्हणून गाड्या जुंपायच्या आदल्या दिवशी चांदणी लावायची. गाणी म्हणायची, गूळभात करायचा. लोक म्हणायचे, नाताळ झाला. आणि सकाळी उठून बघावं, तर आई नाही.”

बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला.

“आजी म्हणायची, बघ, चांदणी हाय की. रडतीस कशापायी? मला तिचा असा राग यायचा! त्या चांदणीचा. ती लागली नसती तर माझी आई गेली नसती, असं वाटायचं. पोरबुद्धी. मग इथे आल्यावर सासूबाई म्हणाल्या, चोवीसच्या संध्याकाळी लावायचा, त्याआधी नाही. मला बाकी सगळं शिकायला जड गेलं. हे नाही गेलं. मनात म्हटलं, बरं झालं. सगळी घरात आली की मगच लागणार. आगमनकाळ वगैरे मी लोकांना सांगते, पण खरं ते एवढंच आहे.”

हिंदुराव फरशीवरच बसले होते. तारा मांडीवर होता. “आमची वस्ती बी तसलीच,” ते म्हणाले. “पर मला आयबाप संगं न्यायाचे. गाडीत मागल्या अंगाला बसून मी चान्नीकडं बघत ऱ्हायचो. वढा वलांडला की दिसंनाशी व्हायाची. मला वाटायचं, मागं ऱ्हायलेल्या पोरांची काय चैन हाय!”

“आम्हांला वाटायचं, गाडीत बसलेल्यांची,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे बघून हसले. मे महिन्यापासून पहिल्यांदा.

“मला हे काहीच ठाऊक नव्हतं,” सुनीती म्हणाली. “दादा, तुम्ही कधी बोलला नाहीत. मला वाटायचं, आपल्याकडे लवकर लावतात, बस. नाहीतर मी...” तिने वडिलांच्या मांडीवरून तारा उचलला. “राहू दे. चोवीसला लावू. ठेवते कपाटावर.”

आणि ती उठली. मंदाकिनीबाईंनी तिचा हात धरला.

आता खरं म्हणजे त्यांनी ‘चोवीसला’ म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं राखलेला नियम सूनच आपण होऊन राखायला निघाली होती. श्यामलाबाईंचं तोंड बंद झालं असतं, सासूबाईंचा आत्मा निवला असता. पण खराडीचा तो फ्लॅट त्यांना डोळ्यांपुढून हलेना. न पाहिलेला, पांढऱ्या भिंतींचा, सोमवारी हो म्हणायचा.

“लाव,” त्या म्हणाल्या. “आत्ता लाव. सगळ्या पेठेला दिसू दे. फकस्त तुमी जाऊ नगा.”

“जायाचं? कुटं जायाचं?” सोजरबाईंनी लेकीकडे वळून विचारलं. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं. निरंजनला त्या घटकेला भाताच्या ढिगाची फार गरज होती, पण पानं अजून वाढली नव्हती. “तिकडे, तुमच्याकडेच,” तो पुटपुटला. “खराडीत. वेगळं.”

“आमाला इच्यारलं व्हतं?” हिंदुराव म्हणाले.

“माझं ऐका ना सगळ्यांनी,” सुनीती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “जाणंयेणं वगैरे खरंच आहे. पण त्याचं मला काही नाही. आई, मला वाटलं, मी तुम्हांला नकोशी आहे. कामं सगळी करू देता, ओरडत कधी नाही, पण मी काही केलं की नुसतं हं म्हणता. काल तारा काढलात तेव्हा वाटलं, चला. इथे आपलं काही लागायचं नाही. म्हणून मीच म्हटलं याला, की तो बघून ठेवलेला फ्लॅट घेऊनच टाकू.”

“अगं वेडे!” मंदाकिनीबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले, आणि मग त्याच टोकाने स्वतःचे. “नकोशा माणसांशी मी अतिशय गोड बोलते. विचार याला. श्यामलाबाईंशी कशी बोलते बघ.”

अनंतराव मोठ्याने हसले. निरंजन हसला. सुनीतीलाही रडता रडता हसू फुटलं.

“यंदा नाही जात,” ती म्हणाली. “पुढचं पुढे बघू. उद्या मीच सांगते त्या फ्लॅटवाल्याला. पण एक आहे, आई. माझ्याशी तुम्ही नीट बोलायचं.”

“नीट म्हणजे कसं?”

“मघाशी निरंजनला बोललात ना, तसं.”

मंदाकिनीबाई उठल्या. उठताना त्यांनी एक हात सुनीतीच्या खांद्यावर ठेवला होता आणि दुसरा सोजरबाईंनी धरला होता.

“बोलंन की,” त्या म्हणाल्या, आणि तो शब्द दुरुस्त करायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.